पोपट घेण्यापूर्वी: पिंजऱ्यावरची पाटी आणि आतला पक्षी

पोपट पाळायचा विचार पक्का झाला की बहुतेक माणसे आधी किंमत विचारतात, आणि किमतीबरोबर विक्रेत्याकडून काही ठरावीक शब्द ऐकायला मिळतात: हँडटेम, सेल्फ, डीएनए, रिंगवाला, ब्रीडिंग पेअर, स्प्लिट, टॉकिंग. हे शब्द पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात इतके रुळले आहेत की ते ऐकणाऱ्याला प्रमाणपत्रासारखे वाटू लागतात, आणि नवखा माणूस त्यांवर विश्वास ठेवून व्यवहार पूर्ण करतो. वास्तविक यांपैकी प्रत्येक शब्द हा विक्रेत्याने केलेला एक दावा असतो, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक दावा पक्ष्याच्या अंगावर, पायातल्या कडीवर किंवा सोबतच्या कागदावर पडताळून पाहता येतो. मी अनेक वर्षे कन्यूर आणि कॉकटेल हे परदेशी मूळ असलेले छोटे पोपट सांभाळत आले आहे आणि ओळखीची माणसे पक्षी पाहायला निघाली की मला बरोबर नेतात. त्या अनुभवातून मला जे सांगावेसे वाटते ते इतकेच, की विक्रेत्याचे शब्द, पक्ष्याचे शरीर आणि कागदावरचा क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत आधी तपासायची ती जात, कारण तेथे चूक झाली तर ती कायद्याच्या कक्षेत जाते. आपल्याकडे झाडांवर दिसणारा गळ्यात गुलाबी कंठ असलेला पोपट, त्याहून मोठा आणि खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, लालसर-जांभळ्या डोक्याचा तोईया, हे सारे भारतीय रानपोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पासून बंदी आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हे पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग पिंजरा कितीही मोठा असो आणि पेरू कितीही गोड असो. आजोबांच्या काळी प्रत्येक वाड्यात एक राघू असे, हे खरे आहे; पण त्या आठवणीच्या आधारावर आज कोणी पोपट विकत असेल तर तो आपल्याला गुन्ह्यात भागीदार करून घेत असतो.

या बाबतीत सर्रास वापरले जाणारे लेबल म्हणजे ‘ब्रीडेड पहाडी’ किंवा ‘घरीच काढलेलं पिल्लू’. पहाडी आणि कंठवाल्या पोपटांचा विणीचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालतो, आणि नेमकी त्याच सुमारास अंगावर पुरती पिसेही न आलेली पिल्ले बाजारात दिसू लागतात. घरात जोडी लावून पिल्ले काढणाऱ्या माणसाकडे एका वेळी दोन-तीन पिल्ले असतात आणि तो त्यांचे आईबाप दाखवू शकतो. टोपलीभर एका वयाची पिल्ले असतील तर ती झाडांच्या ढोलींतून काढलेली आहेत असे खुशाल समजावे. ढोलीपर्यंत हात पोहोचत नसेल तर फांदीच तोडली जाते, आणि पोपट स्वतः ढोली कोरण्यापेक्षा तयार ढोलीवर अवलंबून असल्यामुळे पुढच्या वर्षांच्या विणीची जागाही त्याबरोबर जाते. शिवाय पहाडीला भाव अधिक मिळतो म्हणून साध्या कंठवाल्या पिल्लाच्या खांद्यावर लाल रंग लावून त्याला पहाडी म्हणून विकण्याची फसवणूकही होते. अशा पिल्लाची चोच आणि डोके पाहावे. पहाडीचे डोके मोठे आणि चोच ठळकपणे जाड असते, आणि रंग लावलेले पीस ओल्या कापसाने पुसले की बहुधा खरे काय ते कळते. अर्थात ही पारख विकत घेण्यासाठी करायची नाही. दया येऊन असे पिल्लू ‘सोडवण्यासाठी’ विकत घेणाऱ्या भल्या माणसांनाही मी आग्रहाने सांगते की त्या पैशांतून पुढच्या ढोलीची मोहीम निघते. त्याऐवजी महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

निळे, पिवळे, पांढरे ‘रिंगनेक’ वेगळे आहेत, ते चालतात, असेही पुष्कळदा ऐकवले जाते. ते पक्षी दिसायला वेगळे असले तरी जातीने आपल्या कंठवाल्या पोपटाचेच रंगभेद आहेत, आणि कायद्याच्या यादीत जातीचे नाव असते, पिसांचा रंग नसतो. माझ्या मते पहिल्यांदा पोपट घेणाऱ्याने या भानगडीत पडूच नये.

मग राहतात ते परदेशी मूळ असलेले, आपल्याकडे पिंजऱ्यात वाढणारे पक्षी. त्यांच्या नावांतही पुरेसा गोंधळ आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो चिमुकला, लांब शेपटीचा पक्षी खरे म्हणजे ऑस्ट्रेलियातला बजी असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाडसर चोचीचा आणि चावा चांगलाच लागणारा पक्षी आहे. हा फरक मुलांसाठी पक्षी घेणाऱ्या घराला फार महत्त्वाचा आहे. लव्हबर्डमध्येही पुन्हा भेद आहेत. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत डोळ्याभोवती उघडी पांढरी कडा ठळक नसते. फिशर जातीत मात्र डोळ्याभोवती चष्म्यासारखे रुंद पांढरे कडे असते. दुकानात दोन्ही ‘लव्हबर्ड’ याच नावाने शेजारी शेजारी बसलेले असतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती एक नाही, आणि ती का नाही हे समजून घेणे आवश्यक आहे.

वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा साइट्स हा करार आहे. त्याच्या परिशिष्टांत जवळजवळ सगळे पोपट आहेत. वगळलेल्या जाती चारच, आणि त्या म्हणजे बजी, कॉकटेल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट. यांतला शेवटचा तर आपल्याच कायद्याने संरक्षित असल्यामुळे, कागदपत्रांची फारशी चिंता न करता घेता येतील असे परदेशी पोपट तीनच उरतात. फिशर लव्हबर्ड, सन कन्यूर, ग्रीन-चीक कन्यूर, क्वेकर, मकाव, काकाटू, आफ्रिकन ग्रे हे सारे परिशिष्टांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही परिशिष्टे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार अशा जिवंत पक्ष्याची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. पक्षी एका हातातून दुसऱ्या हातात गेला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी ते कळवावे लागते. आफ्रिकन ग्रे तर जानेवारी २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे, आणि पहिल्या परिशिष्टातल्या जातींची पैदास करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे ग्रेचे पिल्लू दाखवणाऱ्याने ‘कागद नंतर करून देतो’ असे म्हटले की तेथून उठावे. ज्याने पैदास कायदेशीरपणे केली आहे त्याच्याकडे पक्षी विकण्याआधीच नोंद असते, आणि ती नोंद आपल्या नावावर कशी करायची हेही त्याला ठाऊक असते. दुकानातून घेत असाल तर पेट शॉपसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आणि ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

जातीच्या पाटीची आणखी एक गंमत कन्यूरमध्ये दिसते. ‘पायनॅपल कन्यूर’ ही स्वतंत्र जात नसून ग्रीन-चीक कन्यूरचा एक रंगभेद आहे, हे माहीत नसल्यामुळे लोक ‘नवी जात’ म्हणून जास्त पैसे मोजतात. सन कन्यूर आणि जेंडे कन्यूर या मात्र खरोखर दोन निरनिराळ्या जाती आहेत. मोठ्या सन कन्यूरच्या पंखांवर भरपूर पिवळा रंग असतो, जेंडेचे पंख हिरवे राहतात. परंतु सन कन्यूरच्या पिल्लाचे पंखही सुरुवातीला बरेच हिरवे असल्यामुळे जेंडेचे किंवा दोघांच्या संकराचे पिल्लू सन कन्यूर म्हणून खपवणे सोपे जाते. येथे पिल्लाकडे पाहून फारसे समजत नाही, आईबाप पाहावे लागतात. आफ्रिकन ग्रेमध्ये काँगो आणि टिमनेह असे दोन प्रकार विकले जातात. काँगोची शेपटी लालभडक आणि चोच पूर्ण काळी, तर टिमनेहची शेपटी गडद तपकिरी-लाल आणि वरची चोच काहीशी फिकट, शिंगाच्या रंगाची असते. एवढे लक्षात ठेवले तरी त्या दोहोंत फसगत होत नाही.

आता कडीकडे, म्हणजे रिंगकडे वळते. पायातली कडी दोन प्रकारची असते. अखंड कडी पिल्लू थोड्या दिवसांचे असताना, पाय बोटांसह त्यातून सरकेल इतका लहान असतानाच घालता येते. जातीनुसार ते वय साधारण एक ते दोन आठवड्यांचे असते. उघडी कडी, जिला सांधा असतो, ती कोणत्याही वयाच्या पक्ष्याला पक्कडीने दाबून बसवता येते. म्हणून ‘रिंगवाला पक्षी’ म्हटले की प्रथम सांधा आहे का हे नखाने चाचपून पाहावे. सांधा नसेल तर कडी पायावर किती सैल आहे ते पाहावे, कारण मोठ्या मापाची अखंड कडी मोठ्या पक्ष्याच्या पायातही ओढूनताणून चढवता येते. नीट मापाची कडी पायावर फिरते, पण टाचेवरून किंवा बोटांवरून निघत नाही. कडीवर सहसा पैदास करणाऱ्याची अक्षरे, वर्ष आणि अनुक्रमांक असतो. वर्षावरून वय कळते, पण अक्षरांवरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण हवी ती अक्षरे कोरून घेता येतात. अखंड कडीवरून एवढेच सिद्ध होते, की हा पक्षी अगदी लहान असताना माणसाच्या हातात होता. तो कोणत्या अंड्यातून आला हे कडी सांगत नाही. ढोलीतून काढलेल्या कोवळ्या पिल्लालाही ती घालता येतेच. म्हणून कडी हा पुरावा नसून पुराव्याला जोडणारा दुवा आहे, आणि तिच्यावरचा क्रमांक ज्या कागदावर नाही तो कागद आपल्या पक्ष्याचा नाही.

‘डीएनए’ या शब्दाबद्दल जितका गैरसमज आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल. ‘डीएनए केलेला पक्षी’ म्हणजे उत्तम वंशाचा, निरोगी, शुद्ध जातीचा पक्षी, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती चाचणी बहुधा एकाच प्रश्नाचे उत्तर देते: नर की मादी. ताजे उपटलेले पीस किंवा रक्ताचा एक थेंब कागदावर घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवतात, आणि मादीत असणारे डब्ल्यू गुणसूत्र त्यात आहे की नाही हे पाहतात. मकाव, ग्रे, बहुतेक कन्यूर आणि लव्हबर्ड यांचे नर-मादी दिसायला सारखेच असल्यामुळे ही चाचणी उपयोगाची आहे. पण ज्याला एकच पक्षी सोबतीला हवा आहे त्याला लिंगाशी काय कर्तव्य? त्यासाठी त्याने जादा पैसे द्यावेत असे मला वाटत नाही. आरोग्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. चोच आणि पिसे झडवणारा पीबीएफडी हा विषाणूचा आजार, पॉलिओमा विषाणू, आणि माणसालाही फुप्फुसाचा ताप आणणारा सिटाकोसिस यांच्यासाठी स्वतंत्र तपासणी सांगावी लागते, आणि तिचा अहवाल वेगळा येतो. विक्रेता प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा त्यावर कडीचा क्रमांक आहे का आणि तो समोरच्या पायातल्या कडीशी जुळतो का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. नुसते ‘सन कन्यूर, मादी’ असे छापलेला कागद जगातल्या कोणत्याही मादी सन कन्यूरला लागू पडतो.

‘ब्रीडिंग पेअर’ ही पाटी याच कारणाने फसवी ठरते. दोन पक्षी एकमेकांची मान खाजवत आहेत, चोचीत चोच घालून भरवत आहेत, एवढ्यावरून ती जोडी ठरत नाही. दोन माद्या किंवा दोन नरही तसेच वागतात. माझ्या ओळखीच्या एका घरी लव्हबर्डची अशी ‘सिद्ध जोडी’ आणली होती. मडक्यात एकदम इतकी अंडी आली की घरच्यांचा आनंद गगनात मावेना, पण एकही फुटले नाही. दोन्ही माद्या होत्या, दोघींनी आपापली अंडी घातली होती. विक्रेत्याने आपण ‘पेअर’ म्हणालो होतो, ‘नर-मादी’ असे कधी म्हणालो नव्हतो, असे उत्तर दिले. बजी आणि कॉकटेल यांच्या बाबतीत ही पारख डोळ्यांनी करता येते. मोठ्या बजीत नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग नरात निळा आणि मादीत तपकिरी असतो. पिवळ्या आणि पांढऱ्या रंगभेदांत मात्र नराचाही तो गुलाबीसर-जांभळा राहतो, हे ध्यानात ठेवावे. साध्या करड्या कॉकटेलचा मोठा नर चेहऱ्यावर झळझळीत पिवळा असतो आणि त्याच्या शेपटीखालचे पट्टे निघून जातात. मादीच्या शेपटीखाली ते कायम राहतात. पण पिल्ले सारीच मादीसारखी दिसतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची कॉकटेलची ‘जोडी’ ही बहुतेक वेळा अंदाजपंचे लावलेली जोडी असते.

रंगांचा शौक लागला की ‘स्प्लिट’ हा शब्द समोर येतो. पक्ष्याच्या अंगावर न दिसणारा, पण त्याच्या पिल्लांत उतरू शकणारा रंग त्याच्या रक्तात आहे, असा त्याचा अर्थ. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच त्याच्या नावाखाली पैसे उकळणे सोपे असते. येथे एक नियम अगदी पाठ करून ठेवण्यासारखा आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. कॉकटेलचे ल्युटिनो, सिनॅमन आणि पर्ल हे रंग, तसेच ग्रीन-चीक कन्यूरचे सिनॅमन आणि यलो-साइडेड हे रंग (पायनॅपल हा या दोहोंचाच मेळ) झेड गुणसूत्रावरून येतात. मादीकडे झेड एकच असल्यामुळे तो रंग तिच्याकडे असेल तर अंगावर दिसतोच. लपून राहायला दुसरे झेड नाहीच. म्हणून ‘ल्युटिनो स्प्लिट मादी कॉकटेल’ किंवा ‘पायनॅपल स्प्लिट मादी कन्यूर’ असे कोणी विकत असेल, तर तो अस्तित्वात नसलेला पक्षी विकत आहे. नर मात्र स्प्लिट असू शकतो, पण तेही त्याच्या आईबापांवरून किंवा आधीच्या पिल्लांवरूनच सांगता येते. आईबाप न दाखवता सांगितलेल्या स्प्लिटसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

माझ्या मते सगळ्यांत अधिक जीव ज्या पाटीमुळे जातात ती म्हणजे ‘हँडफेड बेबी’ आणि तिच्या जोडीची ‘सेल्फ’. पिल्लू जितके लहान घ्याल आणि जितके स्वतः भरवाल तितका त्याला लळा लागेल, हा समज विक्रेत्यांनी पसरवला आणि ग्राहकांनी उचलून धरला, कारण त्यात दोघांचीही सोय आहे: विक्रेत्याचे भरवण्याचे कष्ट आणि जोखीम वाचते, आणि ग्राहकाला पिल्लू स्वस्त पडते. लळा लागतो तो रोजच्या सहवासाने आणि विश्वासाने, पिचकारीने पेज भरवल्याने लागतो असे नाही. आईबापांनी वाढवलेला, नीट खाणारा पक्षीही धीराने माणसाळतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. उलट भरवणे हे कौशल्याचे काम आहे. पेजेचे तापमान ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. त्याहून थंड असली तर पेज पचत नाही आणि गळ्याखालच्या पिशवीत, जिला पाळणारे क्रॉप म्हणतात तेथे, आंबते. तीन-चार अंशांनी गरम झाली तर क्रॉप आतून भाजते आणि काही दिवसांनी तिला भोक पडते. घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत गेला तर पिल्लू डोळ्यांदेखत दगावते. ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याच्या हाती पिसे न फुटलेले पिल्लू देणे ही माझ्या लेखी क्रूरताच आहे.

‘सेल्फ’ म्हणजे स्वतः खाणारे. हे तपासायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास द्यावाच. एका मैत्रिणीबरोबर मी सन कन्यूर पाहायला गेले होते, तेथे पिंजऱ्यावर ‘सेल्फ, हँडटेम’ असे लिहिले होते. विक्रेत्याने पिल्लू काढून हातावर ठेवले, तसे ते मान भराभर वरखाली करत, पंख थरथरवत, किरकिरत त्याच्या बोटांकडे झेपावू लागले. ‘बघा ताई, किती लाडात येतंय,’ असे तो कौतुकाने म्हणाला. ती लाडाची नव्हे, भुकेची खूण होती. भरवून घेण्याची सवय असलेले पिल्लू अशीच मान हलवते. त्याच्या खालच्या चोचीच्या कोपऱ्यात वाळलेल्या पेजेचा पिवळट थर होता, आणि पिंजऱ्यातली वाटी बाजरी-कांगाने काठोकाठ भरलेली असून वर फोलपटाचा एक कणही नव्हता. पोपट दाणा सोलून खातो, त्यामुळे खाणाऱ्या पक्ष्याच्या वाटीवर टरफलांचा थर जमतोच. मी त्याला विचारले, ‘दादा, हे आमच्यासमोर वाटीतलं खाऊन दाखवेल का?’ त्यावर तो म्हणाला, ‘दोन दिवस घरी भरवा, मग आपोआप खाईल.’ आम्ही पिल्लू घेतले नाही, आणि मैत्रिणीला ते जड गेले, कारण ते खरोखरच गोजिरवाणे होते.

अशा वेळी वयाचा अंदाज उपयोगी पडतो. बजी साधारण ५ ते ६ आठवड्यांत, कॉकटेल आणि कन्यूर ८ ते १० आठवड्यांत, आफ्रिकन ग्रे ३ ते ४ महिन्यांत आणि मोठा मकाव त्याहूनही उशिरा स्वतः खाऊ लागतो. त्यानंतरही दोन-तीन आठवडे विक्रेत्याकडेच राहिलेले पिल्लू घेणे सर्वांत सुरक्षित, आणि भरवणे थांबल्यानंतरच्या आठवड्याभराच्या वजनांची नोंद त्याने दाखवली तर तो विक्रेता जाणता आहे असे समजावे. पिल्लाच्या छातीवर मधोमध जे हाड असते ते बोटाने चाचपावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले तर ठीक, हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे.

वयाबाबतची फसवणूक उलट दिशेनेही होते, म्हणजे मोठा, चावरा, पैदाशीतून काढलेला पक्षी ‘लहान आहे’ म्हणून दिला जातो. बजीच्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत आडव्या रेषा असतात आणि तीन-चार महिन्यांच्या सुमारास पिसे बदलली की त्या मागे सरतात. ग्रेच्या पिल्लाचे डोळे गडद असतात, पुढे ते राखाडी होतात आणि पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात फिकट पिवळे दिसतात. पिवळ्या डोळ्यांचा ‘चार महिन्यांचा’ ग्रे कोणी दाखवला तर पुढे बोलणेच नको. पायांवरचे खवले लहान पक्ष्यात गुळगुळीत, वयस्कर पक्ष्यात जाड आणि खरखरीत असतात.

‘हँडटेम’ हे लेबल पडताळताना मी विक्रेत्याला पक्षी पिंजऱ्यातच ठेवायला सांगते आणि दार उघडून हात पुढे करते. खरा माणसाळलेला पक्षी थोडा विचार करतो आणि मग स्वतः बोटावर पाय ठेवतो. जो पक्षी पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून, कोणीही कोठेही ठेवले तरी तसाच बसून राहतो, त्याला बघणारे ‘किती शांत आहे’ म्हणतात. मला त्या शांततेची भीती वाटते, कारण दुखणे लपवणारा पक्षी ते लपवता येईनासे झाले की तसाच बसतो. शेपटी श्वासागणिक खालीवर होत असेल, नाकपुड्या चिकट असतील, शेपटीखालची पिसे घाण झालेली असतील तर ते आजारपणच आहे. दोन्ही पंखांची लांब पिसे कापलेली आहेत का तेही उचलून पाहावे. उडता येत नाही म्हणून हातावर बसणे आणि आवडते म्हणून बसणे यांत फरक आहे.

‘टॉकिंग’ या शब्दावर मी थोडक्यातच थांबते. ग्रेचे पिल्लू साधारण वर्षाचे होईपर्यंत स्पष्ट शब्द बोलत नाही, आणि सन कन्यूर बोलण्यापेक्षा कर्कश ओरडण्यासाठीच शेजाऱ्यांना परिचित होतो. पुढे कोणता पक्षी बोलेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, म्हणून ती हमी देणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. ‘इम्पोर्टेड’ या शब्दाचीही तीच गत. परदेशातून जिवंत पक्षी आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि साइट्सची कागदपत्रे लागतात. ती असतील तर दाखवावीत, नसतील तर तो शब्द किंमत वाढवण्यासाठी तरी आहे किंवा तस्करीची कबुली तरी.

मोबाइलवरून होणाऱ्या विक्रीत हे सारे शब्द एकत्र येतात. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘डीएनए, टॉकिंग, सेल्फ’ ग्रे, सोबत एक सुंदर व्हिडिओ, अर्धे पैसे आधी, आणि पक्षी रात्रीच्या बसने खोक्यातून येणार. व्हिडिओतला पक्षी कोणाचा आहे हे कोण सांगणार? दुसऱ्या गावचा पक्षी घ्यावाच लागला तर समोरासमोर व्हिडिओ कॉल लावून कडीचा क्रमांक कॅमेऱ्याजवळ धरायला सांगावे आणि पक्षी वाटीतून खाताना पाहावा, आणि मग स्वतः जाऊन तो आणावा. भोके पाडलेल्या खोक्यात, बसच्या डिकीत, उन्हाळ्यात पाठवलेला पक्षी पोहोचला तरी त्याचे पुढचे आठवडे कसे जातात हे मी पाहिले आहे.

व्यवहार ठरला की पावतीवर जातीचे पूर्ण नाव, कडीचा क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख, भरवणे केव्हा थांबले तो दिवस आणि परिशिष्टातला पक्षी असेल तर परिवेशवरील नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा. जो विक्रेता तोंडाने दहा गोष्टी सांगतो आणि पावतीवर ‘एक पक्षी’ एवढेच लिहितो, त्याचा पक्षी मी तेथेच सोडते. घरी आधीचे पक्षी असतील तर नव्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याच्या वाट्या वेगळ्या धुवाव्यात आणि पहिल्या आठवड्यातच पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. गावातला प्रत्येक पशुवैद्य पक्षी तपासतोच असे नाही, म्हणून पक्षी घरी आणण्याआधीच ती चौकशी करून ठेवावी. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला साधा काटा आणावा आणि रोज सकाळी, खाण्याआधी, पक्ष्याचे वजन वहीत लिहावे. नव्या जागी आल्यावर पहिले एक-दोन दिवस ते थोडे उतरते. दहा टक्क्यांच्या आसपास उतरले तर त्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे आणि जाताना ती वही व पावती बरोबर न्यावी.